स्वातंत्र्य जाहीर झाल्यानंतर : फ्रेडरिकस्टेड बंदराचा इतिहास

अमेरिकेतील आपली अनेक कुटुंबे हिवाळ्याच्या सुट्टीत क्रूझने कॅरिबियन समुद्रात जातात. अमेरिकन व्हर्जिन आयलंड्समधील सेंट क्रॉय हे बेट अशा प्रवासातील एक थांबा होय. फ्रेडरिकस्टेड या बंदरात जहाज काही तास थांबते. किनाऱ्यावरील सहलींच्या यादीत समुद्रस्नान आणि रमचा कारखाना यांना पहिला मान असतो. आम्ही तेथे उतरलो तेव्हा धक्क्यालगतच उभ्या असलेल्या लाल रंगाच्या फ्रेडरिक किल्ल्यात गेलो. आता तेथे संग्रहालय आहे. त्या किल्ल्याचा इतिहास आपल्या वाचकांना परका वाटू नये.

अठराव्या शतकात हे बेट डेन्मार्कच्या ताब्यात होते. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर येथे उसाचे मळे उभे राहिले. अटलांटिक महासागरावरील गुलामांच्या व्यापारास बंदी घालणारा हुकूम डेन्मार्कने 1792 साली काढला व तो 1803 पासून अमलात आला; परंतु मळ्यावरील गुलामी तशीच राहिली. 1847 मध्ये राजाने जाहीर केले की, नवजात मुले स्वतंत्र समजली जातील आणि इतरांना मुक्तीसाठी बारा वर्षे थांबावे लागेल. ज्यांना थांबावयाचे होते, त्यांचे मत कोणी विचारले नव्हते. 2 जुलै 1848 च्या रात्री बेटावर शंख व घंटा वाजू लागल्या आणि दुसऱ्या दिवशी हजारो गुलाम या किल्ल्यासमोर जमले. मोझेस गॉटलीब ऊर्फ बुडहो हा त्यांचा पुढारी. गव्हर्नर जनरल पीटर फॉन शोल्टेन याला त्याच दिवशी सर्वांची मुक्तता जाहीर करावी लागली. बुडहोला मात्र पुढे बेटावरून हद्दपार करण्यात आले.

बहुतेक प्रवासी ही कथा येथपर्यंत ऐकून जहाजावर परततात. आमच्या मते खरा धडा यापुढे सुरू होतो.

26 जानेवारी 1849 रोजी, म्हणजे मुक्तीला सात महिनेही झाले नसताना, नवा श्रमकायदा आला. मजुराने मळेवाल्याशी वर्षाचा करार करावयाचा आणि मळा बदलावयाचा तर वर्षातून एकदाच, 1 ऑक्टोबरला. मजुरीचे तीन वर्ग ठरले : रोज पंधरा, दहा व पाच सेंट. माणूस आता कोणाच्या मालकीचा नव्हता; परंतु त्याचे श्रम बांधलेलेच राहिले. मजूर कमी पडू लागले तेव्हा 1863 मध्ये कलकत्त्याहून सुमारे 300 भारतीय करारबद्ध मजूरही येथे आणले गेले.

तीस वर्षांनी, 1 ऑक्टोबर 1878 रोजी, या बंधनाचा भडका उडाला. मजुरांनी फ्रेडरिकस्टेडचा मोठा भाग व अनेक मळे जाळले. या उठावाचे नाव ‘फायरबर्न’. त्याच्या नेत्या मेरी थॉमस, अॅग्नेस सालोमन आणि मटिल्डा मॅकबीन या कष्टकरी स्त्रिया होत्या. लोक त्यांना राणी म्हणत. सुमारे 60 मजूर मारले गेले, बारा जणांना लष्करी न्यायालयाने गोळ्या घातल्या आणि राण्यांना कोपनहेगनच्या तुरुंगात पाठविण्यात आले. पुढील वर्षी तो श्रमकायदा संपला.

गुलामी आणि जातिव्यवस्था एक नव्हेत. तरीही हे वाचताना महार वतन आठवल्यावाचून राहत नाही. वतनदार महार कायद्याने कोणाचा गुलाम नव्हता. पण 1874 च्या वतन कायद्याने त्याला रात्री-अपरात्री सरकारी कामासाठी राबावे लागे, आणि मोबदला म्हणजे बलुते व तुटपुंजे इनाम. 1928 मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदे कौन्सिलात त्या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. ही वतने खालसा करणारा कायदा त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, 1958 साली झाला. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत त्यांनी इशारा दिला होता की, 26 जानेवारी 1950 पासून राजकारणात समता येईल, पण सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता राहील. त्या इशाऱ्याचा अर्थ फ्रेडरिकस्टेडच्या तीस वर्षांत स्पष्ट दिसतो.

हा प्रश्न तेथे आजही पूर्ण सुटलेला नाही. 1917 मध्ये अमेरिकेने ही बेटे अडीच कोटी डॉलरला विकत घेतली. तेथील लोक अमेरिकेचे नागरिक आहेत; परंतु राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत त्यांना मत नाही आणि प्रतिनिधिगृहातील त्यांच्या एकमेव प्रतिनिधीस अंतिम मतदानाचा अधिकार नाही. न्यू जर्सीचा मतदार तेथे कायमचा राहावयास गेला, तर तोही राष्ट्राध्यक्षासाठी मत देऊ शकत नाही. ‘एक व्यक्ती, एक मत, एक मूल्य’ हे तत्त्व मानणाऱ्या आपण याकडे केवळ प्रवासी म्हणून पाहू नये.

तेथे जाणाऱ्या कुटुंबांनी समुद्रस्नान अवश्य करावे. पण एक तास या किल्ल्यासाठी राखावा आणि मुलांना 3 जुलै 1848 सोबत 1 ऑक्टोबर 1878 हीही तारीख सांगावी. मुक्तीची घोषणा एका दिवसात होते. तिला अर्थ मिळवून देण्याचे काम पुढच्या पिढीकडे येते.

जय भीम!