तोलेदो : एका नदीकाठचे अनुवादनगर

शतकमहोत्सवी ग्रंथासाठी लेख मागताना संपादक मंडळाने विषयाचे बंधन घातले नव्हते. ग्रंथांशी कोठेतरी नाते असावे, एवढीच अपेक्षा व्यक्त केली होती. म्हणून स्पेनमधील तोलेदो या नगराविषयी लिहावयाचे ठरविले. आपले वाचनालय मांडवीच्या खोऱ्यातले आणि तोलेदो ताहो नदीच्या काठचे. या दोहोंचा संबंध काय, असे वाचकांस प्रथमदर्शनी वाटेल. परंतु ही ताहो नदी पुढे पोर्तुगालमध्ये शिरली की तिचे नाव तेझो होते आणि लिस्बनच्या पायथ्याशी ती समुद्राला मिळते. 1497 साली वास्को द गामाची गलबते हिंदुस्थानच्या शोधार्थ निघाली ती याच नदीच्या मुखातून. पुढे 1580 पासून 1640 पर्यंत स्पेन व पोर्तुगाल यांची राजसत्ता एका हाती होती. त्या साठ वर्षांत गोव्यावरही माद्रिदच्या राजाचीच आज्ञा चाले. आणखी एक योगायोग असा, की जुन्या गोव्यातील चर्चवास्तू आणि तोलेदो नगर ही दोन्ही युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत एकाच वर्षी, 1986 साली, समाविष्ट झाली.

लिस्बनला आप्तांकडे गेलो असता हे नगर पाहण्याची संधी मला मिळाली. माद्रिदच्या दक्षिणेस सुमारे 70 किलोमीटरवर, तिन्ही बाजूंनी नदीने वेढलेल्या खडकाळ टेकडीवर ते वसले आहे. एके काळी व्हिसिगॉथ राजांची राजधानी असलेले हे नगर 711 च्या स्वारीनंतर मुसलमानी अमलाखाली गेले आणि 1085 साली कास्तीलचा राजा सहावा आल्फोन्सो याने ते घेतले. इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही, की नगर तहाने हाती आले. ते जाळले गेले नाही, आणि त्यातील अरबी ग्रंथ जागच्या जागी राहिले.

या ग्रंथांमागची विद्यापरंपरा किती समृद्ध होती, हे एका उदाहरणावरून ध्यानात येईल. नगर ख्रिस्ती सत्तेखाली जाण्यापूर्वी साईद अल्-अंदलुसी हा विद्वान येथे काझी होता. 1068 साली त्याने 'तबकात अल्-उमम' हा ग्रंथ रचला. ज्ञानविज्ञानाची उपासना करणाऱ्या राष्ट्रांचा आढावा घेताना त्याने अग्रस्थान दिले ते हिंदुस्थानला. आपल्या सिद्धांतग्रंथांवरून बगदादेत तयार झालेला 'सिंदहिंद', हिंदी अंकपद्धती आणि 'कलीला व दिम्ना' हा कथाग्रंथ यांचा तो गौरवाने उल्लेख करतो. साईदने हिंदुस्थान कधी पाहिला नव्हता. जे त्याला ठाऊक होते ते पुस्तकांवरून, आणि तीही भाषांतरित पुस्तकांवरून.

बाराव्या शतकात युरोपातील जिज्ञासू तोलेदोकडे येऊ लागले ते या ग्रंथांसाठी. आर्चबिशप रेमंडच्या काळापासून (मृत्यू 1152) अनुवादकांना येथील कॅथीड्रलचा आश्रय लाभू लागला. यांपैकी सर्वश्रेष्ठ म्हणजे इटलीतील क्रेमोना गावचा जेरार्ड. तॉलेमीचा 'अल्माजेस्त' हा ज्योतिषग्रंथ लॅटिनमध्ये मिळत नाही म्हणून तो येथे आला, येथील अरबी ग्रंथांचे भांडार पाहून थक्क झाला, अरबी शिकला आणि 1187 साली मृत्यू येईपर्यंत अनुवादच करीत राहिला. 'अल्माजेस्त'चे भाषांतर 1175 चे. त्याचे एकूण अनुवाद सत्तराहून अधिक भरतात. त्यांत इब्न सीनाचा प्रचंड वैद्यकग्रंथही आहे, जो पुढे कित्येक शतके युरोपातील विद्यापीठांतून शिकविला जात होता.

'तोलेदोचा अनुवादसंप्रदाय' असे नाव रूढ असले तरी विद्यालयाची इमारत, नेमलेले आचार्य असे काही त्या काळी होते, असे समजण्याचे कारण नाही. मीही भाबडेपणाने ती इमारत शोधीत होतो! होती ती एक रीत. एक जण अरबी वाक्य वाचून बोलीभाषेत सांगे आणि दुसरा ते लॅटिनमध्ये लिहून घेई. इब्न सीनाच्या आत्मविषयक ग्रंथाचे भाषांतर असे झाले: अवेंदाउथ हा ज्यू पंडित शब्दशः सांगत गेला आणि दोमिनिकुस हा ख्रिस्ती धर्माधिकारी लिहीत गेला. जेरार्डच्या मदतीस गालिब नावाचा स्थानिक अरबीभाषी ख्रिस्ती होता. मधली जी बोली या दोघांच्या ओठांवर होती, ती कागदावर उमटतच नसे.

अशा प्रवासात शब्दांचे काय होते, याचे एक नामी उदाहरण गणितात आहे. वर्तुळाच्या ज्येला आपले गणिती 'जीवा' असेही म्हणत. अरबांनी हा शब्द 'जीबा' असा उचलला. अरबी लेखनात ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, दीर्घही नीट न वाचल्यास घोटाळा होतो. त्यामुळे पुढे तो 'जैब' असा वाचला गेला, ज्याचा अर्थ वस्त्राचा खोलगट भाग. बाराव्या शतकात स्पेनमधील लॅटिन अनुवादकांनी त्याचे इमानाने 'सिनुस' असे भाषांतर केले. आज आपली मुले शाळेत 'साइन' घोकतात ती हीच आपली जीवा. भाषांतराच्या चुकीला इतके दीर्घायुष्य क्वचितच लाभले असेल.

मराठीचा अध्यापक म्हणून मला सर्वाधिक मोह पडतो तो यानंतरच्या टप्प्याचा. तेराव्या शतकात, तोलेदोतच 1221 साली जन्मलेला दहावा आल्फोन्सो गादीवर आला (1252-1284). 'शहाणा' हे बिरुद मिळविलेल्या या राजाने अनुवादाची दिशाच बदलली. आजवर जी बोली दोन पंडितांच्या मधल्या हवेत विरून जात असे, तिलाच त्याने लेखनाचा मान दिला. खगोलशास्त्र, कायदा, इतिहास, एवढेच काय बुद्धिबळाचा ग्रंथदेखील (1283) त्याने लॅटिनऐवजी कास्तीलच्या लोकभाषेत लिहवून घेतला. राजपदावर येण्यापूर्वीच, 1251 च्या सुमारास, त्याच्या आज्ञेने 'कलीला व दिम्ना' अरबीतून कास्तिलियनमध्ये उतरला होता. हा ग्रंथ म्हणजे आपले पंचतंत्र. सहाव्या शतकात इराणमध्ये पेहलवीत, आठव्यात इब्न अल्-मुकफ्फाच्या लेखणीने अरबीत आणि तेराव्यात स्पेनमध्ये. स्पॅनिश कथात्म गद्याच्या आरंभीच्या ग्रंथांत याची गणना होते. आल्फोन्सोचा मृत्यू 1284 चा आणि ज्ञानेश्वरीची रचना 1290 ची, हे सन शेजारी शेजारी मांडून पाहावेत. कार्यकारणसंबंध अर्थातच नाही. पण जगाच्या दोन टोकांना, जवळजवळ एकाच वेळी, देशी भाषेला शास्त्र पेलेल असा विश्वास कोणाला तरी वाटत होता.

याच नगरातील आणखी एक गोष्ट मला अधिक जिव्हाळ्याची वाटते. 1085 मध्ये राज्य बदलले, राजाची भाषा बदलली; तथापि येथील अरबीभाषी ख्रिस्ती, ज्यांना मोझाराब म्हणतात, ते जमिनीची खरेदीखते, मृत्युपत्रे, देवघेवीचे कागद पुढेही सुमारे दोन शतके अरबीतच करीत राहिले. असे हजाराहून अधिक दस्त उपलब्ध असून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते प्रसिद्धही झाले आहेत. हे वाचताना मला आमच्या घरातील पेटी आठवली. आजोबांच्या बागायतीचे सर्व कागद तीत आहेत. भाषा पोर्तुगीज, लपेटदार अक्षर, आणि घरात आज ते वाचू शकणारा कोणी नाही. गेल्या वर्षी एका वादाच्या निमित्ताने ते वाचून घ्यावे लागले तेव्हा एका वृद्ध गृहस्थांच्या घरी तीन खेपा घालाव्या लागल्या. ते वाचीत गेले आणि मी मराठीत लिहीत गेलो. रीत तीच, तोलेदोची.

नगरदर्शनाविषयी थोडे. सन 999 च्या सुमाराची एक छोटी मशीद येथे आहे. तिच्या दर्शनी भागावर विटांतच अरबी अक्षरे घडविली आहेत आणि मागे नंतर जोडलेले ख्रिस्ती गर्भगृह. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातील एका सिनेगॉगचे नाव चक्क 'सांता मारिया ला ब्लांका' आहे: ज्यूंनी बांधविले, घाट मशिदीसारखा, नाव माता मेरीचे. चौदाव्या शतकात राजाचा खजिनदार सॅम्युएल हा-लेवी याने बांधलेल्या 'एल त्रान्सितो' सिनेगॉगच्या भिंतींवर हिब्रू व अरबी लेख एकाच नक्षीत गुंफलेले दिसतात. याच खजिनदाराला पुढे त्याच राजाने कैद केले आणि छळात त्याचा अंत झाला. सांतो तोमे चर्चमध्ये एल ग्रेको याचे 'ओर्गाझच्या सरदाराचे दफन' हे भव्य चित्र आहे. क्रीट बेटावरून आलेला हा चित्रकार 1577 पासून मृत्यूपर्यंत (1614) येथे राहिला, पण चित्रांवर सही करी ती ग्रीक अक्षरांतच. येथील पोलादी पाती जगप्रसिद्ध होती, आता दुकानांतून पर्यटकांसाठी टांगलेली असतात. बदामाचे मार्झिपान मात्र अवश्य चाखावे. नाताळात आमच्या शेजारून काजूचे येते त्याचेच हे थोरले भावंड.

हे सारे सलोख्याचे चित्र म्हणून रंगविण्याची अलीकडे प्रथा पडली आहे. ती मला मान्य नाही. 1391 मध्ये येथे ज्यूंची कत्तल झाली, 1449 मध्ये धर्मांतरित ज्यूंना अधिकारपदे नाकारणारा ठराव याच नगरात झाला आणि 1492 मध्ये उरलेल्या ज्यूंना देश सोडावा लागला. तोलेदोचा आर्चबिशप सिस्नेरोस याने काही वर्षांतच ग्रानादात अरबी ग्रंथांची होळी केली. वैद्यकाचे तेवढे वगळले. मात्र याच सिस्नेरोसने तोलेदोतील मोझाराबांची लोप पावत चाललेली उपासनापद्धती 1500 साली छापून वाचविली. आपल्याकडेही सोळाव्या शतकात देशी पोथ्या नष्ट झाल्या, आणि रामायण-महाभारताच्या कथांच्या ज्या कोकणी-मराठी नकला रोमन लिपीत पोर्तुगालमधील ब्रागाच्या ग्रंथालयात उरल्या, त्या मिशनऱ्यांनीच करविलेल्या. जाळणारे हात आणि जपणारे हात नेहमी वेगळे सापडत नाहीत.

सेर्व्हान्तेसने हे सर्व ओळखून आपल्या कादंबरीत (1605) एक गमतीचा प्रसंग योजला आहे. दोन किखोतेची पुढची हकीकत त्याला म्हणे तोलेदोच्या बाजारात, रद्दी विकणाऱ्या मुलाकडच्या अरबी वह्यांत सापडली. मनुके आणि गहू एवढ्या मोबदल्यात एका मोरिस्कोने दीड महिन्यात तिचे भाषांतर करून दिले. अनुवादकाच्या मानधनाची परंपरा किती जुनी आहे, हे येथे कळते!

नगराच्या माथ्यावर अल्काझार हा चौकोनी किल्ला उभा आहे. 1936 च्या यादवीत दीर्घ वेढ्यामुळे तो उद्ध्वस्त झाला होता. पुढे पुन्हा बांधला गेला. 1998 पासून त्याच्या वरच्या भागात प्रादेशिक ग्रंथालय आहे. शेवटची दुपार मी तेथे घालविली. मोडक्यातोडक्या पोर्तुगीजच्या बळावर 'कलीला'ची एक छापील प्रत मागितली. स्पॅनिश मला येत नाही. नावे तेवढी शोधीत गेलो. करटक आणि दमनक ओळखीचे झाले होतेच. मग एक बैल भेटला, 'सेन्सेबा' नावाचा. व्यापाऱ्याची गाडी ओढताना चिखलात रुतलेला, मालकाने मागे सोडून दिलेला, तरी हिरव्या कुरणात जगलेला. म्हणजे आपला संजीवक. पान उघडे ठेवून मी खिडकीबाहेर पाहिले. खाली ताहो पश्चिमेकडे, लिस्बनच्या दिशेने वाहत होती.