बिरसीच्या बाजारात एक दाढ

आडवे होऊ नका. पडलात की रक्त डोक्याकडे धावतं आणि खालच्या उजव्या दाढेतला ठणका दुप्पट होतो, हे काल रात्री कळलंच आहे तुम्हाला. १९४० चा उन्हाळा, गाव बिरसी, जिल्हा अजून भंडारा. खाटेवर बसून राहा आणि डास मारा.

सकाळी अंगणात मोहफुलं वाळताहेत. तो गोड, आंबूस वास एरवी आवडला असता, आज मळमळतं. तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही. पेज भुरकायची तीही गार, ऊन घोट दाढेला लागला की डोळ्यांपुढे काजवे. गावाबाहेर इंग्रजांची धावपट्टी होतेय, तिकडची मुरमाची धूळ ओठांवर बसते.

"काहून गा, गाल फुगला?" वाटेवरचा प्रत्येक जण विचारतो आणि उत्तराआधीच उपाय सांगतो. लवंग. हिंग. बिब्बा. एक बुढी तर तुम्हाला धरून बसवतेच. निखाऱ्यावर रिंगणीच्या बिया, धूर नळीतून तोंडात. खोकता, लाळ गळते, डोळे वाहतात. मग ती पाण्यात पांढरे कण दाखवते, "पाय, कीड!" बियांचेच तुकडे आहेत हो, पण वाद घालायला जबडा तर उघडला पाहिजे.

दाढेतली नस मेलीय. मुळाशी पू कोंडलाय आणि हाडात फुगायला जागा नाही, म्हणून हा ठणका. दुपारी तो एकाएकी थांबतो. खूश होऊ नका, पू हाड फोडून बाहेर आलाय. आता गाल तापून टणक होणार. ही सूज हनुवटीखाली उतरून जीभ वर ढकलू लागली, तर श्वासच कोंडेल. पेनिसिलिन? ते याच उन्हाळ्यात ऑक्सफर्डमध्ये उंदरांना टोचून पाहताहेत.

तेव्हा चला बाजारात. मिरच्यांचा ठसका, सुक्या मासळीचा वास, बैलांच्या घंटा. आणि गोणपाटावर उपटलेल्या दातांची रास मांडून बसलेला माणूस. हीच त्याची पाटी! चिमटा धोतराला पुसतो. दोघं खांदे दाबतात, बाकीचे फुकटचा तमाशा बघायला वाकतात. कानाच्या आत कडकड होते, मग तोंडभर गरम, खारट, कुजकी चव. थुंका. पुन्हा थुंका. गालातला ताण सैल पडत जातो आणि तुम्हाला चक्क भूक लागते.

तुरटीच्या पाण्याची चूळ भरताना रांगेतला पुढचा सुजका गाल विचारतो, "लय दुखते का गा?"

"काही नाही," तुम्ही बेधडक सांगता.