एका पंगतीचा मेळावा

आम्ही धर्माबादच्या बचत गटांतल्या बाया बोलतोय.

गेल्या साली आम्ही मेळावा घेतला. मांडव, माइक, हार-तुरे, सगळं झालं. विषय होता समानता. जेवायच्या वेळी मात्र काही जणींनी आपापले डबे काढले आणि बाजूला जाऊन बसल्या. भाजी कोणत्या वस्तीतल्या बायांनी केली, हे त्यांना ठाऊक होतं. आम्ही पाहिलं आणि गप्प राहिलो. त्याची आजही लाज वाटते.

म्हणून आज नागपूरची गोष्ट सांगतो. तिथल्या जाईबाई चौधरी यांनी तरुणपणी स्टेशनवर हमाली केली होती. त्या शिकल्या आणि १९२२ साली त्यांनी दलित मुलींसाठी शाळा काढली. डिसेंबर १९३७ मध्ये नागपुरात अखिल भारतीय महिला परिषद भरली. जाईबाई आणि त्यांच्यासोबतच्या बाया तिथं गेल्या. परिषद बायांच्याच हक्कांची होती, तरी जेवताना या बायांना वेगळं बसवलं गेलं.

त्या गप्प बसल्या नाहीत. १ जानेवारी १९३८ ला दलित बायांनी निषेधाची सभा घेतली. पुढं २० जुलै १९४२ ला नागपुरातच त्यांची स्वतःची अखिल भारतीय परिषद भरली. अध्यक्ष होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बाया आल्या होत्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथं म्हणाले की, समाज किती पुढं गेला हे मी त्यातल्या बाया किती पुढं गेल्या यावरून मोजतो.

परिषद भाषणांवर थांबली नाही. बायांनी ठराव केले. काडीमोडाचा हक्क द्या, एक बायको असताना दुसरी करायला बंदी घाला. गिरणीत आणि विडी कारखान्यात राबणाऱ्या बाईला भरपगारी रजा, इजा झाली तर भरपाई आणि म्हातारपणी पेन्शन द्या. मुलींसाठी वसतिगृहं काढा. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात काडीमोड आला, दुसऱ्या लग्नाला बंदीही आली. मागणाऱ्या पुष्कळ होत्या, त्यांत या बायाही होत्या. ही हकिगत उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव फिरून ‘आम्हीही इतिहास घडवला’ या पुस्तकात लिहून ठेवली, म्हणून आपल्याला कळली.

यंदाच्या मेळाव्याचं आम्ही ठरवलंय. स्वयंपाक सगळ्या वस्त्यांतल्या बाया मिळून करतील. पंगत एकच बसेल. बाजारात मिरचीची देठं खुडणाऱ्या बाया आपल्या मजुरीचा आणि सावलीचा ठराव स्वतः मांडतील. तो वहीत लिहू, सह्या-अंगठे घेऊ आणि तहसीलला नेऊन पोच घेऊ.

पंगतीचं ऐकून दोन-चार जणी यायला नको म्हणतायत. त्यांच्या दारी आम्ही पुन्हा जाणार आहोत. पण पंगत मोडणार नाही.

तुमच्या गावच्या मेळाव्यात पंगत कशी बसते? येत्या बैठकीत हा विषय काढा, बायांनो.