बदलापूर लोकल आणि क्वार्टरबॅक : कोवळ्या खेळाडूला मैदानात कधी उतरवावे?

५ जानेवारी २०१६. कल्याणमधील एका मैदानावर के. सी. गांधी शाळेने ३ बाद १४६५ या धावसंख्येवर डाव घोषित केला, तेव्हा १५ वर्षांचा प्रणव धनावडे १००९ धावांवर नाबाद होता. ३२७ चेंडू, १२९ चौकार, ५९ षटकार. क्रिकेटच्या कोणत्याही नोंदलेल्या सामन्यात त्याआधी एका डावात हजार धावा कोणी केल्या नव्हत्या.

आदल्या दिवशीच त्याने ११६ वर्षांचा विक्रम मागे टाकला होता. १८९९ मध्ये इंग्लंडातील क्लिफ्टन येथे ए. ई. जे. कॉलिन्स या १३ वर्षांच्या शाळकरी मुलाने नाबाद ६२८ धावा केल्या होत्या. हा कॉलिन्स पुढे प्रथम श्रेणीचा एकही सामना खेळला नाही. तो सैन्यात गेला आणि नोव्हेंबर १९१४ मध्ये पहिल्या महायुद्धात मारला गेला. प्रणवच्या विक्रमाच्या बातम्यांत कॉलिन्सचे नाव सर्वत्र झळकले. त्याचे पुढे काय झाले, याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

हजार धावा करणाऱ्या मुलाचे पुढे काय करायचे, हा प्रश्न मात्र कल्याणपुरता मर्यादित नाही. जगातील सर्वांत श्रीमंत क्रीडासंघटनांपैकी एक असलेली अमेरिकेची ‘एनएफएल’ गेली कित्येक दशके याच प्रश्नाशी झटते आहे. तेथे तो एका विशिष्ट जागेपुरता विचारला जातो. त्या जागेचे नाव क्वार्टरबॅक.

अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक हा संघाचा सूत्रधार. आक्रमणाची जवळजवळ प्रत्येक चाल त्याच्या हातून सुरू होते. चेंडू हाती आल्यावर त्याच्याजवळ दोन-तीन सेकंद असतात. तेवढ्यात समोरची व्यूहरचना ओळखायची, धावणाऱ्या सहकाऱ्यांपैकी कोण मोकळा आहे ते पाहायचे आणि फेकायचे. त्याच्यापुढे पाच धिप्पाड खेळाडूंची फळी उभी असते. तिचे काम एकच : अंगावर येणाऱ्यांना तेवढे दोन-तीन सेकंद थोपवून धरणे. फळी फुटली की क्वार्टरबॅक चेंडूसकट जमिनीवर आदळतो. त्याला ‘सॅक’ म्हणतात.

महाविद्यालयातून आलेल्या २१-२२ वर्षांच्या मुलाला ही जागा लगेच द्यावी, की दोन-तीन वर्षे बाकावर बसवून शिकवावी? उदाहरणे दोन्ही बाजूंनी आहेत. २००५ मध्ये ग्रीन बे पॅकर्सने ॲरन रॉजर्सला घेतले आणि ब्रेट फार्व्हच्या मागे तीन हंगाम बसवून ठेवले. तो २००८ मध्ये मुख्य क्वार्टरबॅक झाला आणि फेब्रुवारी २०११ मध्ये त्याने संघाला विजेतेपद मिळवून दिले. याउलट पेटन मॅनिंग १९९८ मध्ये पहिल्याच सामन्यापासून खेळला. त्या हंगामात त्याने २८ वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या हाती दिला, त्याच्या संघाने १६ पैकी १३ सामने गमावले, आणि तरीही तो त्या खेळातील सार्वकालिक श्रेष्ठांपैकी एक ठरला.

म्हणजे बाकावर बसवणे हाही रामबाण उपाय नव्हे.

खरे उत्तर तिसऱ्या उदाहरणात दडले आहे. २००२ मध्ये ह्यूस्टन टेक्सन्स या नव्याकोऱ्या संघाने डेव्हिड कार याला त्या वर्षीच्या निवडीत सर्वांत आधी उचलले आणि पहिल्या दिवसापासून मैदानात उभे केले. त्याच्यापुढची फळी इतकी कच्ची होती की त्या एका हंगामात तो ७६ वेळा जमिनीवर आदळला. हा आजही विक्रम आहे. पाच हंगामांनंतर संघाने त्याला सोडले आणि पुढे तो राखीव खेळाडू म्हणूनच उरला. मॅनिंग आणि कार या दोघांनाही पहिल्याच दिवशी उतरवले गेले होते, दोघेही त्या त्या वर्षीची पहिली निवड होते. घाई दोघांच्याही बाबतीत झाली. ती महागात पडली ती ज्याच्यापुढे फळी नव्हती त्याला.

आता मुंबईकडे. मुंबईच्या क्रिकेटला अशी एक फळी होती. तिला कोणी नाव दिले नव्हते आणि ती कोणी एका बैठकीत उभारलीही नव्हती. शालेय क्रिकेटमध्ये हॅरिस आणि गाइल्स ढाल. पावसाळ्यात, ओल्या खेळपट्टीवर, गुडघाभर गवतात खेळली जाणारी कांगा लीग, १९४८ पासून. त्यानंतर टाइम्स शील्डसारख्या स्पर्धांमधले कार्यालयीन क्रिकेट. तेथे बँका आणि कंपन्या खेळाडूला नोकरी देत, त्यामुळे रणजी संघाचे दार उघडेपर्यंत घर चालत असे. विशीतला फलंदाज कांगा लीगमध्ये चाळिशीतल्या, कसोटी खेळून आलेल्या गोलंदाजापुढे उभा राही. तेथे शून्यावर बाद होण्याला वर्तमानपत्रात जागा नसे. कोवळ्या खेळाडूला चोरून चुकण्याची मुभा देणारी ही व्यवस्था होती.

सचिन तेंडुलकरची कथा सर्वांना पाठ आहे, पण ती बहुधा अलौकिक प्रतिभेची कथा म्हणून सांगितली जाते. फळीच्या बाजूने पाहिले तर ती वेगळी दिसते. सचिन वांद्र्याच्या साहित्य सहवासात राहत असे. रमाकांत आचरेकरांच्या सांगण्यावरून तो दादरच्या शारदाश्रम शाळेत गेला. पुढे सकाळ-संध्याकाळच्या सरावामुळे वांद्रे-दादर ये-जा जड जाऊ लागली, म्हणून तो शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहू लागला. वांद्रे ते दादर हे अंतर जेमतेम पाच-सहा किलोमीटर. तेवढेही जास्त ठरले! आणि आचरेकर सर त्याला स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत.

नोव्हेंबर १९८७ मध्ये १४ वर्षांच्या सचिनची मुंबईच्या रणजी चमूत निवड झाली. त्या संपूर्ण हंगामात त्याला अंतिम अकरांत जागा मिळाली नाही. तो बदली क्षेत्ररक्षक म्हणून तेवढा मैदानात येई. त्याच हंगामात, फेब्रुवारी १९८८ मध्ये, आझाद मैदानावर विनोद कांबळीसोबत ६६४ धावांची अभेद्य भागीदारी झाली. तरीही मुंबईने घाई केली नाही. वर्षभराने जाळ्यात कपिल देवला तो सहज खेळतो आहे, हे दिलीप वेंगसरकरांनी पाहिले आणि ११ डिसेंबर १९८८ रोजी त्याने गुजरातविरुद्ध पदार्पणातच नाबाद १०० धावा केल्या. रॉजर्सची तीन वर्षे आणि सचिनचे एक वर्ष यांत तत्त्वतः फरक नाही. ज्येष्ठांच्या खोलीत बसून, त्यांचे बोलणे ऐकत, पाणी नेत-आणत शिकण्याचे ते वर्ष होते.

ही फळी प्रत्येकाला सारखी पुरली नाही. त्या ६६४ धावांच्या भागीदारीत मोठा वाटा कांबळीचा होता : नाबाद ३४९. कसोटीतही त्याने १९९३ मध्ये लागोपाठ दोन सामन्यांत द्विशतके झळकावली आणि १७ कसोटींत ५४ च्या वर सरासरी राखली. मात्र शेवटची कसोटी तो वयाच्या २३ व्या वर्षीच खेळला. आणि त्या भागीदारीच्या वेळी पॅड बांधून तंबूत बसलेला पुढचा फलंदाज होता अमोल मुजुमदार. त्याने पुढे रणजी पदार्पणात २६० धावा केल्या, प्रथम श्रेणीत ११ हजारांहून अधिक धावा जमवल्या आणि भारताकडून एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला, तेव्हा त्या संघाचा प्रशिक्षक तोच होता. वाट पाहण्यातले सारे बारकावे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

येथवरचा सगळा इतिहास मात्र दादरच्या आसपासचा आहे. मध्य रेल्वेच्या नकाशावर कल्याणच्या पुढे कर्जतच्या दिशेने बोट सरकवले की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही स्थानके लागतात. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून बदलापूर सुमारे ६८ किलोमीटर, दादरपासून सुमारे साठ. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या ५ लाखांवर, अंबरनाथची अडीच लाख, बदलापूरची पावणेदोन लाख. तिन्ही मिळून नऊ लाखांहून अधिक माणसे.

या तिन्ही गावांची जडणघडण खेळासाठी झालेली नव्हती. उल्हासनगर ही दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणी. फाळणीनंतर तेथे सिंधी निर्वासितांना बराकींत वसवले गेले आणि १९४९ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. आजही तेथला माणूस पत्ता सांगताना ‘कॅम्प तीन’, ‘कॅम्प चार’ असेच म्हणतो. निर्वासितांनी मिळेल त्या जागेत यंत्रे मांडली, दुकाने थाटली. मोकळे मैदान राखून ठेवण्याची चैन त्यांना परवडणारी नव्हती. अंबरनाथला १०६० सालचे शिवमंदिर आहे आणि त्याच गावात आयुधनिर्माणी व रासायनिक कारखाने. बदलापूरचे नाव घोडे बदलण्याच्या ठिकाणावरून पडले, असे लोक सांगतात. ही लोकव्युत्पत्ती खरी असो वा नसो, दमलेला घोडा पुढच्या मजलीला जुंपू नये एवढी समज तीत नक्कीच आहे.

या पट्ट्यातल्या मुलासाठी मोठ्या क्रिकेटचे दार म्हणजे मुंबईचा संघ, आणि त्या दाराची पायरी आझाद मैदान, क्रॉस मैदान किंवा शिवाजी पार्क येथे. सकाळच्या गर्दीत क्रिकेटची किटबॅग घेऊन लोकलमध्ये शिरणे म्हणजे काय, हे ज्याने ती उचलली आहे त्यालाच कळते. जाऊन-येऊन रोजचे अडीच-तीन तास. मुंबईच्या मुलाचे हेच तास जाळ्यातल्या सरावात जातात. वांद्र्याच्या मुलाला पाच किलोमीटर जड झाले, तेव्हा त्याला जवळ काकूचे घर होते. बदलापूरच्या मुलाची काकू बहुधा बदलापूरलाच, किंवा पुढे कर्जतला!

त्यामुळे येथील क्रिकेटचा जोर टेनिस चेंडूवर राहिला. ठाणे जिल्ह्यात टेनिस क्रिकेटच्या स्पर्धांना जी गर्दी लोटते, ती पाहिली की खेळण्याची भूक किती आहे हे समजते. पण टेनिस चेंडू छातीच्या उंचीवर आला तर बरगडी मोडत नाही, आणि लेदर चेंडूची शिवण ओळखायला तो शिकवत नाही. हुशार मुलगा त्या खेळात तरबेज होतो, आणि सतराव्या वर्षी शिवाजी पार्कच्या जाळ्यात पहिल्यांदा उभा राहतो, तेव्हा दहाव्या वर्षापासून लेदर चेंडू खेळणारी मुले त्याच्या कितीतरी पुढे निघून गेलेली असतात.

या पार्श्वभूमीवर कल्याणचे ते १००९ पुन्हा पाहावे. विरोधी संघातील बरीच मुले वयाने फार लहान होती, एका बाजूची सीमारेषा अगदी जवळ होती. हे त्या आठवड्यातही छापून आले होते. प्रणवचा त्यात दोष नव्हता. समोर येईल तो चेंडू त्याने मारला. मात्र रिक्षाचालकाच्या त्या मुलाच्या घरापुढे एका रात्रीत कॅमेरे लागले. सचिनने स्वतःची स्वाक्षरी असलेली बॅट पाठवली. मुंबई क्रिकेट असोसिएशनने पाच वर्षांसाठी दरमहा १० हजार रुपयांची शिष्यवृत्ती जाहीर केली. हेतू चांगलाच होता. पण शिष्यवृत्ती ही फळी नव्हे. आता तो तीस धावांवर बाद झाला तरी ती बातमी होऊ लागली. सचिनच्या वाट्याला आलेले, पाणी नेण्याचे आणि कोणी न पाहण्याचे वर्ष या मुलाला मिळालेच नाही.

त्याच वर्षी डिसेंबरात कल्याणच्या सुभाष मैदानावर एका मंत्र्यांच्या दौऱ्यासाठी हेलिकॉप्टर उतरवण्याची सोय करण्यात आली. सराव अडला म्हणून हरकत घेणाऱ्यांत प्रणव होता, आणि पोलिसांनी त्याला ठाण्यात नेले. विश्वविक्रमवीराला गावात खेळायला जागा किती होती, ते या एका प्रसंगावरून कळते. २०१७ च्या मध्यावर त्याच्या वडिलांनी असोसिएशनला पत्र लिहिले : मुलाची कामगिरी अपेक्षेप्रमाणे होत नाही, तेव्हा ही शिष्यवृत्ती थांबवावी. मिळणारे पैसे स्वतःहून परत करणाऱ्या त्या रिक्षाचालक बापाची कृती, १००९ धावांपेक्षाही अधिक दुर्मीळ म्हणावी लागेल.

याच कल्याणातून त्याआधी काही वर्षे आणखी एक मुलगा दादरची गाडी पकडून शिवाजी पार्कला गेला होता. तुषार देशपांडे. तो गेला होता फलंदाज म्हणून. निवड चाचणीला पाहतो तर पॅड बांधून उभ्या असलेल्या फलंदाजांची लांबच लांब रांग, आणि गोलंदाजांची त्या मानाने आखूड. त्याने आखूड रांग धरली. ही आठवण त्याने स्वतःच सांगितली आहे. त्यानंतरचा प्रवास संथ होता. मुंबईकडून रणजी पदार्पण २०१६ मध्ये, दुखापती, संघाबाहेर जाणे, पुन्हा येणे. भारताकडून पहिला सामना जुलै २०२४ मध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी, झिम्बाब्वेविरुद्ध. मधल्या काळात त्याच्यावर कोणाचा कॅमेरा रोखलेला नव्हता.

फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबईत बडोद्याविरुद्ध रणजीचा उपांत्यपूर्व सामना झाला. मुंबईच्या दुसऱ्या डावात नऊ गडी बाद झाल्यावर तुषार अकराव्या क्रमांकावर फलंदाजीला आला. दहाव्या क्रमांकाच्या तनुष कोटियनसोबत त्याने शेवटच्या जोडीसाठी २३२ धावा जोडल्या. कोटियन नाबाद १२०, देशपांडे १२३. दहाव्या आणि अकराव्या फलंदाजाने एकाच डावात शतके करण्याची प्रथम श्रेणी क्रिकेटमधली ही केवळ दुसरी वेळ. पहिली वेळ १९४६ ची, भारतीय संघाच्या इंग्लंड दौऱ्यातील. त्या जोडीत एक होते चंदू सरवटे. शिवाजी पार्कच्या त्या लांब रांगेत कल्याणच्या मुलाला जी बॅट हाती घेता आली नव्हती, तिने शतक झळकावले ते सतराएक वर्षांनी, आणि तेही सर्वांत शेवटी फलंदाजीला येऊन.