लिंपणं, सारवणं, पोतारणं: गेममधल्या भिंतीचा इतिहास

माझ्या पीएचडीचा विषय संगणकीय चित्रांचा इतिहास हा आहे आणि त्यातला माझा कोपरा आहे टेक्श्चर. आता तुम्ही म्हणाल, इतिहास म्हटलं की गड, बखरी, मोडी कागद. गेममधल्या भिंतीला कसला आलाय इतिहास? आहे, आणि तो चांगला पन्नास वर्षांचा आहे. ब्लेंडर डाउनलोड करून यूट्यूबवर टेक्श्चरिंग शिकणाऱ्यांना तो माहीत असला तर शिकणं बरंच सोपं जातं, म्हणून हा लेख. उदाहरणाला मी पेठ तालुक्यातली कुडाची भिंत घेणार आहे. का, ते ओघात कळेल.

आधी टेक्श्चर म्हणजे काय ते सांगते. गेममधलं घर म्हणजे त्रिकोणांचा पोकळ सांगाडा. त्यावर जो पृष्ठभाग दिसतो, विटा, गंज, शेवाळ, ओल, तो वरून चढवलेला असतो. हे चढवण्याचं काम म्हणजे टेक्श्चरिंग. आणि ज्या कलाकाराच्या वाट्याला माणसं-राक्षस न येता घरं, रस्ते, डोंगर येतात, तो एन्व्हायर्नमेंट आर्टिस्ट. त्याचा अर्धा दिवस भिंतींत जातो म्हटलं तरी चालेल.

आता पेठची भिंत. नाशिकहून पेठच्या रस्त्यानं सावळ घाट ओलांडला की पाऊस वाढतो, भात-नागलीची शेती दिसायला लागते आणि कोकणा, महादेव कोळी, वारली वस्त्यांमध्ये अजूनही काही घरं कुडाची दिसतात. लाकडी खांब, त्यांच्या मधे कारवीच्या काठ्या दाटीनं बांधलेल्या आणि त्यावर माती. कारवी ही सह्याद्रीतली झुडपं, साधारण आठ वर्षांनी एकदा फुलतात आणि बी धरून वाळतात. म्हणजे या भिंतीचा सांगाडासुद्धा जंगलाच्या वेळापत्रकानं चालतो.

या भिंतीवर काय काय करतात त्याची क्रियापदं बघा. चिखल-भुसा कालवून कुडावर थापला, की ते लिंपणं. वरून शेणकाला हातानं फिरवला, की सारवणं. फडकं, म्हणजे पोतेरं, बुडवून पातळ माती किंवा गेरू ओढला, की पोतारणं. जमीन असेल तर आधी चोपणं. इंग्रजी टेक्श्चर लायब्ररीत या सगळ्याला बहुतेक वेळा एकच शब्द पुरतो: प्लास्टर. आणि गंमत अशी, की यातल्या प्रत्येक क्रियापदाची खूण पृष्ठभागावर वेगळी उमटते. लिंपलेल्या भिंतीला उंचसखलपणा आणि तडे. सारवलेल्या भिंतीवर बोटांचे अर्धगोल वळसे, कारण हात कोपरातून फिरतो. पोतारलेल्या भिंतीवर पट्टे, एकावर एक, कडेला रंग साचलेला. ही क्रियापदं डोक्यात ठेवा, आपल्याला लागणार आहेत.

टेक्श्चरची सुरुवात झाली १९७४ मध्ये, युटा विद्यापीठातल्या एका पीएचडी प्रबंधात. (पीएचडीवाल्यांनी एवढं मिरवून घ्यायला हरकत नाही.) एडविन कॅटमल, जो पुढे पिक्सारच्या संस्थापकांपैकी एक झाला, त्यानं वक्र पृष्ठभागावर सपाट चित्र कसं ताणून बसवायचं याची रीत मांडली. पण चित्र चित्रच राहिलं. खडबडीत भिंतीचा फोटो बसवला तरी भिंत गुळगुळीतच, नुसती फोटो डकवल्यासारखी. १९७८ मध्ये जिम ब्लिन यानं त्यावर नामी थाप काढली: पृष्ठभाग हलवायचाच नाही, फक्त तो हलला आहे असं समजून उजेडाचं गणित करायचं. त्याला बम्प मॅपिंग म्हणतात आणि आज तुम्ही वापरता तो जांभळट निळा नॉर्मल मॅप त्याच घराण्यातला. १९८३ मध्ये लान्स विल्यम्स यानं लांबच्या भिंती लुकलुकू नयेत म्हणून एकाच टेक्श्चरच्या निम्म्या-निम्म्या आकाराच्या प्रती जवळ ठेवायची युक्ती दिली, ती मिपमॅप. त्यासाठी मेमरी जेमतेम एक तृतीयांश जास्त लागते. तुम्ही इंजिनात टेक्श्चर टाकता तेव्हा हे आपोआप होतं, म्हणून त्यावर जास्त थांबत नाही.

थांबायचंय ते केन पर्लिनपाशी. १९८२ च्या 'ट्रॉन' चित्रपटासाठी काम केलेल्या एका कंपनीत तो होता. तेव्हाच्या संगणकीय चित्रांचा तो यंत्रासारखा लखलखीतपणा त्याला खटकत होता. निसर्गात काहीच इतकं साफ नसतं. १९८५ मध्ये त्यानं आपली पद्धत छापली. आपण तिला पर्लिन नॉइज म्हणतो, आणि १९९७ मध्ये त्याला तिच्यासाठी ऑस्करवाल्यांचं तांत्रिक पारितोषिक मिळालं. ही पद्धत म्हणजे शिस्तीतला गोंधळ: शेजारच्या ठिपक्यांच्या किमती एकमेकींशी मिळत्याजुळत्या, पण एकूण नक्षी कुठेच हुबेहूब परत येत नाही. संगमरवर हवा? रेघा घ्या, नॉइजनं वाकवा. ढग हवे? मोठा नॉइज, त्यावर लहान, त्यावर आणखी लहान.

माझ्या मते टेक्श्चरच्या इतिहासातला खरा सांधा इथे आहे. कॅटमलच्या रीतीत तुम्ही पृष्ठभागाचं चित्र देता, पर्लिनच्या रीतीत पृष्ठभाग कसा झाला ते सांगता. भाजीचा फोटो आणि भाजीची कृती यात जो फरक आहे, तोच.

गेमना इथवर यायला वेळ लागला, कारण मशीन दुबळी होती. १९९२ च्या 'वुल्फेनस्टाइन थ्रीडी'त भिंतीचा एक तुकडा ६४ बाय ६४ ठिपक्यांचा, म्हणजे सगळे मिळून ४०९६ ठिपके. जमीन आणि छत नुसत्या एका रंगाचं. वर्षभरानं 'डूम'मध्ये जमिनीलाही टेक्श्चर आलं. आज फोर-के टेक्श्चरच्या एका ओळीतच ४०९६ ठिपके असतात, पूर्ण चित्रात जवळपास एक कोटी अडुसष्ट लाख. पण त्या ६४ ठिपक्यांनी कलाकारांना एक गोष्ट शिकवली ती आजही लागू आहे: तुकडा डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली जुळला पाहिजे, आणि त्यात डोळ्यात भरेल असा एकही डाग नको. एक ठळक डाग पडला की लांबच्या लांब भिंतीवर तो दर हातावर परत दिसतो आणि सगळं बिंग फुटतं.

पुढचा मोठा टप्पा २०१२. डिस्नीच्या ब्रेंट बर्ली यानं 'रेक-इट राल्फ'च्या वेळी तयार झालेली पद्धत मांडली, आणि वर्षभरात तिचंच सुटसुटीत रूप अनरियल इंजिन ४ साठी मांडलं गेलं. रंग वेगळा, खरखरीतपणा वेगळा, धातू आहे की नाही ते वेगळं. तोवर कलाकार सावली आणि चकाकी टेक्श्चरमध्येच रंगवायचे. आता ते बंद. उजेडाचं काम इंजिन करेल, तुम्ही फक्त वस्तू काय आहे ते सांगा. त्याच सुमारास सबस्टन्स डिझायनरसारखी सॉफ्टवेअर रुळली. त्यांत टेक्श्चर रंगवत नाहीत, नोड जोडून त्याची कृती मांडतात. पर्लिनची कल्पना अशी तीसेक वर्षांनी रोजच्या कामात आली. ब्लेंडरमध्येही हे नोड आहेत, आणि फुकट आहेत.

आता आपल्या भिंतीकडे या. तुम्ही लिंपण पाहिलं असेल किंवा केलं असेल, तर कृती तुम्हाला आधीच येते. फक्त नोडच्या भाषेत सांगायची.

सर्वांत खाली कारवी. उभ्या, दाट, जरा वाकड्या रेघा, प्रत्येकीची जाडी थोडी वेगळी. हा तुमचा पहिला हाइट मॅप. त्यावर लिंपण: मोठा, संथ नॉइज, त्यात भुशाच्या बारीक आखूड काड्या विखुरलेल्या. माती पातळ असेल तिथे खालच्या काठ्यांचा उठाव किंचित जाणवला पाहिजे, म्हणून पहिला थर पूर्ण पुसू नका. मग तडे. ते कुठेही पाडायचे नाहीत. माती जिथे जाड तिथे वाळताना ओढ बसते, आणि खांबाच्या कडेला माती लाकूड सोडते, तिथे ते येतात. त्यावर सारवण: कमानीसारख्या वळशांचा एक आकार, चार-पाच बारीक समांतर रेघांचा, आणि तो एकावर एक पडत जाणारा. इथे माप चुकलं की सगळं चुकतं. वळसा माणसाच्या हाताएवढाच हवा. एका मीटरला ५१२ ठिपके धरले तर २०४८ चं टेक्श्चर चार मीटर भिंत झाकतं, तेव्हा एक वळसा किती ठिपक्यांचा येईल हे स्वतःचा हात मोजून ठरवा. मस्करी नाही, टेप घ्या आणि मोजा.

शेवटी वापर. गेम आर्टमधला बहुतेक खरेपणा याच थरात असतो. पावळीचं पाणी अंगणात पडून चिखल उडतो, त्याची लालसर पट्टी भिंतीच्या पायथ्याशी. चुलीच्या बाजूला काजळी, वर जाईल तशी फिकी. दाराशेजारी जिथे पाठ टेकून माणसं बसतात तिथे भिंत घासून मऊ झालेली असते. तिथे रंग फारसा बदलत नाही, खरखरीतपणा कमी होतो. मातीचा रफनेस ०.९ च्या आसपास ठेवा आणि त्या बसण्याच्या जागी खाली आणा. मेटॅलिक शून्य. आणि जिथे पोपडा गेलाय तिथे सगळे थर बाजूला सारून पुन्हा कारवी दिसू द्या. तुम्ही ती पहिल्यांदा बनवली होती ती याच्यासाठी.

हे सगळं माझ्या प्रबंधात कशाला? कारण गेम आर्टच्या जगात भारतीय हात फार आणि भारतीय भिंती कमी. बंगळुरूत ध्रुव इंटरॅक्टिव्ह १९९७ मध्ये सुरू झाली आणि परदेशी गेमसाठी आर्ट करून देण्याचा व्यवसाय इथे रुजला. पुण्यात २००८ पासून युबिसॉफ्टचा स्टुडिओ आहे. या कामातून एक अख्खी पिढी तयार झाली, यात शंका नाही. पण बाहेरून आलेल्या कामात भिंत कुणाची ते बाहेरच ठरतं. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये 'राजी: ॲन एन्शंट एपिक' काढला, तेव्हा त्यांनी टेक्श्चर हातानं रंगवली, पहाडी लघुचित्रांचा बाज घेऊन. मला तो गेम आवडतो. तरी त्यातले वाडे-किल्ले राजस्थानी वळणाचे आहेत. सह्याद्रीतली मातीची भिंत अजून वाट बघतेय, असं मला आपलं वाटतं.

पृष्ठभाग उचलून दुसरीकडे नेण्याची कल्पना मात्र आपल्याकडे नवी नाही. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी वारली पाड्यांवर कागद घेऊन गेले आणि डहाणूकडचे जिव्या सोमा म्हसे भिंत सोडून कागद-कापडावर चित्रं काढू लागले. पुढे २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. लोक त्यातल्या पांढऱ्या आकृत्यांबद्दल बोलतात. मी बघते ती त्यामागची पार्श्वभूमी: कापडालाही शेण किंवा गेरू लावलेला. चित्र भिंतीवरून उतरलं तेव्हा भिंत बरोबर घेऊन आलं. टेक्श्चर म्हणजे काय हे मला एखाद्या शोधनिबंधापेक्षा त्या कापडानं लवकर समजावलं.

म्हणूनच थोडं सांभाळून. स्वतःच्या घरच्या भिंतीचे फोटो खुशाल काढा, दुसऱ्याच्या घरी विचारून काढा, आणि लग्नाचा चौक लिहिलेली भिंत असेल तर ती टेक्श्चर म्हणून स्कॅन करू नका. तो पृष्ठभाग नाही, देवाची जागा आहे. गेममध्ये तो फरशीसारखा दर चार मीटरवर परत आला तर कसं दिसेल, विचार करा.

फोटो ढगाळ दिवशी काढायचे, कारण उन्हात सावली रंगातच छापली जाते आणि मग इंजिनातला सूर्य कुठेही नेला तरी ती हलत नाही. पेठमध्ये जून ते सप्टेंबर असा उजेड भरपूर मिळतो, पण तेव्हा भिंत ओली असते, गडद दिसते. सुक्या भिंतीसाठी थंडीतली सूर्य निघण्याआधीची वेळ बरी. भिंतीला समोरासमोर उभं राहा, मोजपट्टी चौकटीत ठेवा. दिवाळीच्या सारवणाआधी एकदा आणि नंतर एकदा, त्याच जागेवरून, असे दोन संच घ्या. जुनी आणि नवी भिंत मिळाली की मधला वापराचा थर आपोआप वेगळा कळतो.

घरकुलांची विटा-सिमेंटची कामं सुरू आहेत, आणि ती व्हायलाच हवीत. दर पावसाळ्यानंतर भिंत लिंपायचं काम कुणाच्या पाठीवर येतं ते तुम्हाला सांगायला नको. घर नवं झालं तरी मागचा गोठा किंवा चुलीची खोली काही वर्षं कुडाची राहते, तेव्हा शोध तिथून सुरू करा. आणि फोटो काढून झाले की ती भिंत जिनं लिंपली तिला विचारा: भुसा कोणता घातला, शेण किती पातळ केलं, हात कुठून कुठे फिरवला. हे फोटोत दिसत नाही, आणि नोड जोडताना नेमकं तेच लागतं.