आगगाडीचा वेग आणि कुटुंबाची सुट्टी

आमच्या बोरगाव मेघे येथील एका कुटुंबात नाताळच्या सुट्टीचा बेत चालला होता. मुलगा, सून, दोन नातवंडे आणि सत्तरी ओलांडलेली आजी असे सारेजण पुण्याला लेकीकडे निघणार होते. वर्ध्याहून ‘वंदे भारत’ने सकाळी निघावयाचे व रात्री पुण्यात उतरावयाचे, असे ठरत होते. सगळ्यांचे बोलणे ऐकून घेतल्यावर आजीने मला विचारले, “फादर, गाडी तर लय जोरात जाते म्हणतात, पण आडवं व्हाले जागा आहे काय तिच्यात?”

घरातली मंडळी हसली. मला मात्र तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटला नाही. आपल्या देशातील आगगाडीचा इतिहास चाळताना हाच प्रश्न पुनःपुन्हा समोर येतो. गाडी किती वेगाने धावते, हे एक. तो वेग कोणासाठी आहे, हे दुसरे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली गाडी निघाली, तेव्हा तिच्या १४ डब्यांत सुमारे ४०० निमंत्रित पाहुणे होते. पुढे कसारा आणि इगतपुरी यांमधील थळ घाट १८६५ साली खुला झाला आणि १८६७ मध्ये लोहमार्ग नागपुरास पोहोचला. सुरुंगाच्या आवाजात, तापाच्या साथीत, कडे फोडून ज्या मजुरांनी ही वाट केली, त्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत. वाटेतील आपले वर्धा शहर तर जवळजवळ या मार्गाचेच अपत्य होय. १८६२ साली जिल्हा निर्माण झाला तेव्हा त्याचे ठाणे पुलगावजवळच्या कवठ्यास होते. १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी नवे शहर वसविण्यात आले.

एवढी घाई कशासाठी होती? कुटुंबांच्या सुट्टीसाठी खचितच नव्हे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध पेटले होते. तेथून इंग्लंडच्या गिरण्यांना मिळणारा कापूस अडला, तेव्हा वऱ्हाड व वर्धा खोऱ्यातील कापसाचे मोल एकाएकी वाढले. बैलगाडीने मुंबई गाठावयास कापसाला आठवडेच्या आठवडे लागत. पुढे वर्ध्याहून जो फाटा निघाला, तोही हिंगणघाटचा कापूस आणि वरोऱ्याचा कोळसा यांच्यासाठीच. आमच्या पूर्वजांना गाडीत जागा मिळाली ती मालाच्या मागोमाग आणि बहुधा तिसऱ्या वर्गाच्या फळकुटावर.

या तिसऱ्या वर्गाचे दुःख ज्यांनी जगासमोर मांडले, त्यांचे नाव आपल्या जिल्ह्याशी कायमचे जोडले गेले आहे. दक्षिण आफ्रिकेतून १९१५ मध्ये परतल्यावर गांधीजींनी तिसऱ्या वर्गाने देशभर प्रवास केला व १९१७ मध्ये तेथील गर्दी आणि घाण यांविषयी सविस्तर लिहिले. १९३६ साली ते सेवाग्रामला राहावयास आले. त्यानंतर देशातील कितीतरी थोर मंडळी वर्ध्याच्या फलाटावर उतरली.

वेगाची गाडी मात्र प्रथम श्रीमंतांचीच राहिली. १ जून १९३० रोजी मुंबई व पुणे या शहरांदरम्यान ‘दख्खनची राणी’ धावू लागली. तिच्यात पहिला आणि दुसरा, एवढेच वर्ग होते. तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला तिची दारे उघडली ती १९५५ मध्ये, म्हणजे तब्बल २५ वर्षांनी!

हे अंतर मिटविण्याचा खरा प्रयत्न पुढे एका मराठी माणसाने केला. २६ डिसेंबर १९७७ रोजी, मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना, मुंबई व हावडा यांना जोडणारी ‘गीतांजली एक्सप्रेस’ सुरू झाली. ती आपल्या वर्ध्यावरूनच धावते. या अतिजलद गाडीत वर्गभेद ठेवलेला नव्हता. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर मऊ गादी आली, तीही दंडवते यांच्याच कारकिर्दीत. ज्याने लहानपणी उघड्या फळीवर रात्र काढली आहे, त्यालाच या दोन इंच गादीचे महत्त्व कळेल.

मी ती काढली आहे. मे महिन्याची सुट्टी लागली की वळकटी, लोखंडी ट्रंक, फिरकीचा तांब्या आणि तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा घेऊन आम्ही निघत असू. वडील खिडकीतून रुमाल टाकून जागा धरीत. रात्री आई आम्हा भावंडांना बाकावर निजवी आणि स्वतः ट्रंकेवर बसून राही. सकाळी तिचे डोळे तारवटलेले असत. पण तिने कधी तक्रार केल्याचे मला आठवत नाही.

जपानने १ ऑक्टोबर १९६४ रोजी टोकियो आणि ओसाका यांमध्ये ताशी २०० किलोमीटरहून अधिक वेगाची गाडी सुरू केली, तिच्यासाठी अगदी स्वतंत्र मार्ग बांधून. आपली अजनी–पुणे ‘वंदे भारत’ १० ऑगस्ट २०२५ रोजी सुरू झाली. ती ८८१ किलोमीटरचे अंतर सुमारे १२ तासांत कापते, म्हणजे सरासरी ताशी ७३ किलोमीटर. मालगाड्या आणि इतर प्रवासी गाड्या यांच्याच रुळांवरून तिला वाट काढावी लागते. तरीही एका दिवसात पुणे गाठता येते, ही आपल्या भागासाठी लहान गोष्ट नव्हे. परंतु तिच्यात बसण्याच्या वातानुकूलित खुर्च्याच तेवढ्या आहेत. शयनाची फळी नाही आणि साधा डबाही नाही. ज्या मजुराचे कुटुंब सणासाठी गावी निघते, ते आजही दुसऱ्या गाडीच्या साध्या डब्यात, दाराशी दाटीवाटीने उभे असते.

म्हणून वेगाला नावे ठेवावीत असे नाही. वाचलेल्या तासांत आजीला नातवंडांचा सहवास अधिक लाभत असेल, तर तो वेग चांगलाच. दख्खनच्या राणीचा दरवाजा उघडायला २५ वर्षे लागली. नव्या गाड्यांचा त्याहून लवकर उघडावा, एवढे मागणे आपण मागत राहिले पाहिजे.

त्या कुटुंबाने अखेर काय केले? जाताना त्यांनी आजीसाठी रात्रीच्या गाडीची खालची फळी घेतली व सगळेच तिच्याबरोबर गेले. चार-पाच तास अधिक लागले असतील. नातवंडे थोडी हिरमुसली. पण रात्री आजी निवांत आडवी झाली आणि त्या घरातली आई ट्रंकेवर बसून राहिली नाही.