मुसी, भीमा आणि दख्खनच्या माशांची ओळख

हैदराबादच्या अंबरपेठेजवळून वाहणारी मुसी अनंतगिरीच्या डोंगरात उगम पावून वाडपल्लीजवळ कृष्णेला मिळते आणि भीमाही कृष्णेचीच उपनदी असल्यामुळे, मुसीच्या माशांच्या ओळखीचा इतिहास महाराष्ट्रातील नद्यांपासून सांगावा लागतो. विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावरील दोनशे माशांचा सचित्र ग्रंथ पॅट्रिक रसेलने 1803 मध्ये स्थानिक नावांसह प्रसिद्ध केला होता. दख्खनच्या गोड्या पाण्याला मात्र तसा अभ्यासक मिळण्यास आणखी साडेतीन दशके लागली.

विल्यम हेन्री सायक्स हा मुंबई इलाख्याच्या सैन्यातील अधिकारी. सरकारी सांख्यिकीय पाहणीसाठी दख्खनभर फिरताना त्याने मासे पाहिले, जमवले आणि 1839 मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात त्यांची वर्णने छापली. त्यातील अनेक नव्या जातींना त्याने नदीकाठच्या लोकांच्या तोंडची नावेच दिली, हे त्याचे मोठे ऋण मानले पाहिजे. शास्त्रीय नावातील पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचा, आणि दुसरा जातीचा असतो. संशोधनाअंती मासा दुसऱ्या प्रजातीत गेला तरी जातीचे नाव सहसा टिकते. थूथनावरील खोल खाचेमुळे शिंग फुटल्यासारखा दिसणारा सायक्सचा ‘सिप्रिनस नुक्ता’ आज ‘शिस्माटोरिंकस नुक्ता’ आहे, तर पुण्याच्या पूर्वेला, भीमेला मिळणाऱ्या मुळा-मुठेत त्याला मिळालेला ‘बार्बस खुद्री’ आता ‘टॉर खुद्री’ या नावाने ओळखला जातो.

नाव टिकले म्हणून ओळख टिकतेच असे नाही. प्रवाळखडकांतील माशांमध्ये पिल्लू आणि प्रौढ यांचे रंग इतके भिन्न असतात, की सम्राट एंजलफिश या एकाच माशाच्या पिल्लाला 1801 मध्ये निकोबारवरून वेगळ्या जातीचे नाव मिळाले. दख्खनमध्ये गोंधळ उलट दिशेने झाला. शिरूरजवळच्या, भीमेलाच मिळणाऱ्या घोड नदीतील ‘मसुल्ला’ हे सायक्सचे नाव विसाव्या शतकात कावेरीतील पाठीला उंचवटा असलेल्या अवाढव्य महासीरला चिकटले. पार्श्वरेषेवरील खवले, म्हणजे कल्ल्यांपासून शेपटीपर्यंत जाणाऱ्या सूक्ष्म छिद्रांच्या ओळीतील खवले मोजणे, ओठांची ठेवण व मिशा तपासणे आणि परांचे किरण पाहणे, अशा कामातूनच हे गुंते सुटतात. मसुल्ला आता हिप्सेलोबार्बस या वेगळ्या प्रजातीत मानला जातो आणि कावेरीचा तो महासीर म्हणजे 2011 मध्ये वर्णिलेली ‘टॉर रेमादेवी’ ही जात असल्याचे 2018 मध्ये दाखवण्यात आले. सायक्सच्या अनेक जातींचे मूळ नमुने उपलब्ध नसल्याने अशा वादांत त्याचे त्रोटक वर्णन आणि त्याने सांगितलेले ठिकाण यांवरच भिस्त ठेवावी लागते.

मराठवाडा ज्याचा भाग होता त्या हैदराबाद संस्थानात मत्स्यपाहणीचे काम 1940 च्या दशकात झाले. एम. रहिमुल्ला यांनी तिचे भाग बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यानंतर मुसीचा प्रवाह शहराच्या सांडपाण्याने भरत गेला. अंबरपेठेत दररोज 339 दशलक्ष लिटर क्षमतेचे शुद्धीकरण केंद्र उभारावे लागले. नदी अशी बदलल्यावर पूर्वीचे मासे पुन्हा पकडून जुनी यादी पडताळता येत नाही, म्हणून त्या काळच्या नोंदी आणि संग्रहालयांतील बरण्यांमध्ये जपलेले नमुने यांचे मोल कोणत्याही नव्या पाहणीपेक्षा कमी लेखता येणार नाही.